एका अर्जाचीं बावीस वर्षें

एखादा कायदा अन्यायाचा वाटला, तर नागरिकानें काय करावें? तो मुकाट्यानें सोसावा, चोरून मोडावा, कीं चार लोकांस पटवून बदलून घ्यावा? हा तिसरा मार्ग किती दीर्घ असतो, हें अमेरिकेंतील गांजाविषयक कायद्याच्या हकीकतीवरून ध्यानांत येतें.

त्या देशांत १९३७ सालीं भारी कराच्या रूपानें गांजावर जवळजवळ बंदीच आली. पुढें १९७० च्या कायद्यानें त्याला हेरॉइनच्या पंक्तीस बसविलें. ज्यांचा औषध म्हणून मान्य उपयोग नाहीं, अशा पदार्थांचा तो वर्ग होय. त्याच वर्षीं कीथ स्ट्रूप या तरुण वकिलानें 'नॉर्मल' नांवाची संस्था काढली. स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्या प्रौढ मनुष्यास गुन्हेगार ठरवूं नये, ही तिची मुख्य मागणी.

१९७२ सालीं पेन्सिल्व्हानियाचे माजी गव्हर्नर शेफर यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी आयोगानें तशीच शिफारस केली. पण शेफर यांस नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनींच ती धुडकावली. त्याच वर्षीं 'नॉर्मल'नें सरकारकडे अर्ज केला कीं, गांजाचा वर्ग बदलावा, म्हणजे डॉक्टरांस तो रोग्यांना देतां येईल. अर्ज नाकारला गेला. संस्था न्यायालयांत गेली. अर्ज फेरविचारासाठीं परत आला. अखेर रोग्यांच्या व डॉक्टरांच्या साक्षी होऊन १९८८ सालीं खात्याचेच न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनीं अर्जदारांच्या बाजूनें मत दिलें. खात्याच्या प्रमुखांनीं तें मानलें नाहीं, आणि १९९४ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही खात्याचाच निर्णय उचलून धरला. २२ वर्षांचा खटाटोप वायां गेला, असें कोणासही वाटावें.

परंतु मधल्या काळांत हा विचार घरोघर पोंचला होता. ऑरेगन संस्थानानें १९७३ सालींच थोडा गांजा बाळगणाऱ्याची कैद काढून केवळ दंड ठेवला. सान फ्रान्सिस्को शहरांत एड्सचे रोगी अन्नावरची वासना उडून झिजत होते. मेरी रॅथबन नांवाची एक वृद्ध बाई गांजा घातलेले केक भाजून त्यांस फुकट वाटी. तिला एकाहून अधिक वेळां अटक झाली. पण अशा आजीबाईस कोर्टांत उभें केलेलें पाहून लोकांस कायद्याचीच शंका येऊं लागली. १९९६ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं औषधी उपयोगास संमति दिली. २०१२ सालीं कोलोरॅडो व वॉशिंग्टन या संस्थानांच्या मतदारांनीं, २१ वर्षें पूर्ण झालेल्यांसाठीं, कर व परवाने यांच्या बंधनाखालीं विक्रीही मान्य केली.

कर व परवाने हा उपाय भारतास नवा नाहीं. १८९३-९४ सालीं सरकारनें नेमलेल्या आयोगानें १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें ऐकलें. त्यांत मुंबई इलाख्यांतील व वऱ्हाडांतीलही होते. संपूर्ण बंदीची आवश्यकता नाहीं, कर व नियंत्रण पुरे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९८५ च्या भारतीय कायद्यानें गांजा व चरस यांना बंदी केली, तरी पानांची भांग त्या व्याख्येबाहेर ठेवली.

यावरून गांजा निरुपद्रवी ठरत नाहीं. कोवळ्या वयांत तो अपाय करतो, आणि नशेंत वाहन हांकणारा दुसऱ्याच्याही जिवावर उठतो. मात्र वाईट संवयीवर कोठडी हाच इलाज कीं देखरेख व उपचार, हें पुराव्यानें ठरवावें लागतें. त्या अर्जदारांचा अर्ज फेटाळला गेला. पण तो पुरावा त्यांनीं दप्तरांत आणून ठेवला, आणि निकाल पुढें मतदारांनीं दिला.