गोळी, लग्न आणि धुळ्याची एसटी

आजचा भाग हेडफोन लावून ऐका. विषय घाणेरडा नाहीये, पण आपल्या घरांत तो अजून मोठ्याने बोलला जात नाही.

मी जळगावचा. बीटेक, सॉफ्टवेअरची नोकरी, काम घरूनच. गेल्या वर्षी माझी झोप उडाली, भूक गेली, लॅपटॉप उघडला की रडू यायचं. डॉक्टरकडे जायचं होतं, पण जळगावात कुणी पाहिलं तर? म्हणून एसटी पकडली आणि एरंडोल, पारोळा करत धुळं गाठलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आणि एस्सिटॅलोप्राम सुरू केली. महिन्याभरात भरताला परत चव आली.

पण दुसरीकडे गडबड झाली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बायकोजवळ जायची इच्छाच होईना, झाली तरी शेवटपर्यंत पोचता येईना. गोळीची स्ट्रिप मी लॅपटॉपच्या बॅगेत लपवलेली, त्यामुळे तिला काहीच माहीत नाही. एका रात्री तिने विचारलं, "तुम्हाला मी आवडत नाही का?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता गोळी बंद केली.

चार दिवसांत चक्कर, चिडचिड आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. परत धुळं.

या वेळी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "हे पहिल्याच महिन्यात सांगायचं ना!" मग त्यांनी समजावलं. या गोळ्यांनी मेंदूत सेरोटोनिनचा परिणाम वाढतो. त्याने मन सावरतं, पण इच्छा आणि सुखाशी जोडलेल्या डोपामिनच्या कामावर दाब येऊ शकतो. काहींमध्ये प्रोलॅक्टिन हे हार्मोनही वाढतं. हे पुरुषांना होतं तसं बायकांनाही होतं. आणि नुसत्या डिप्रेशननेही इच्छा मरते, थायरॉइड कमी असला तरी मरते. म्हणून दोष कुणाचा, हे तपासून ठरवायचं. माझा थायरॉइड नॉर्मल निघाला.

उपाय असतात, मंडळी. डोस कमी करणं, गोळी बदलणं, सोबत दुसरी देणं. बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनने हा त्रास सहसा कमी होतो. बहुतेकांचा त्रास गोळी थांबल्यावर जातो, पण थोड्या लोकांत नंतरही राहू शकतो. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने तसा इशारा माहितीपत्रकात घालायला सांगितलं. म्हणून सुरुवातीलाच विचारा. आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

१९२७ साली र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून मराठीत लैंगिक विषयांवर उघड लिहिलं आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढले. आपल्याला तर फक्त दार बंद असलेल्या केबिनमध्ये एक वाक्य बोलायचंय.

माझी गोळी बदलायला दोन महिने गेले. पण खरं ओझं उतरलं ते त्याच रात्री, बॅगेतली स्ट्रिप बायकोच्या हातात दिली तेव्हा. ती बराच वेळ स्ट्रिप बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्यातच काही कमी आहे." पुढच्या वेळी धुळ्याच्या एसटीत आम्ही दोन तिकिटं काढली.

कुणाशीच बोलता येत नसेल तर १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी, मोफत, चोवीस तास. भेटू पुढच्या भागात.