पेठेची पहिली मागणी



व्यापारी संघटनेचं निवेदन म्हटलं की त्यात काय असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. जीएसटीची विवरणपत्रं, विजेचे दर, हायवेच्या उड्डाणपुलाखालचं पार्किंग. या मागण्या रास्तच आहेत. पण कणकवलीच्या पेठेतला एक दुकानदार म्हणून मला मनापासून वाटतं, की आपल्या निवेदनात सर्वांत वर डॉक्टर आणि शिक्षक असले पाहिजेत.

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. जिल्ह्यात माणसंच कमी होत असतील तर मंगळवारच्या बाजाराला येणार कोण? पूर्वी घरातला एक कर्ता मुंबईला जायचा आणि त्याची मनीऑर्डर गावात खर्च व्हायची. आता मुलांच्या शिक्षणासाठी, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठी अख्खं बिऱ्हाड हलतं. किराणावाला, कापडवाला, रिक्षावाला, सगळ्यांचं एक गिऱ्हाईक कायमचं जातं.

अवघड बाळंतपण असो की अपघात, आपल्याकडे एकच वाक्य कानावर येतं : ‘बांबोळीक व्हरा.’ बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे आपल्यावर फार उपकार आहेत. पण २०१८ साली तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा शेजारच्या राज्यावर आपण किती विसंबून आहोत ते उघड झालं. आपल्या जिल्ह्यात ओरोसला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही मोठी गोष्ट आहे. तरी सिझेरियन काही इमारत करत नाही. त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, रक्ताची सोय लागते, आणि रात्री दोन वाजता हे सगळं एका जागी लागतं. भूलतज्ज्ञाची एक जागा रिकामी राहिली की बाकीचे हात बांधून बसतात. म्हणून ‘आरोग्यसेवा सुधारा’ असं मोघम मागू नये. ही पदं एकत्र भरा, आणि डॉक्टरांना कुटुंबासह राहता येईल अशी घरं द्या, असं नेमकं मागावं.

हा धंद्याबाहेरचा विषय आहे, असं कुणी म्हणेल. पण तसं नाही. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप आला तो ऐन काजूच्या हंगामात. मजूर बागेत जायला घाबरला, तर बी गोळा कोण करणार आणि कारखान्यात येणार काय? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना सांगितलं होतं, की २०२० पर्यंत अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्र अजून त्याच्या बराच मागे आहे. हा आकडा व्यापाऱ्यांनी विचारायचा नाही तर कुणी?

शाळांचं दुखणं वेगळं. आपली मुलं हुशार आहेत. कोकण मंडळ स्थापनेपासून निकालात राज्यात पुढे आहे. २०२४ च्या दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. पण वाडीतली शाळा पटसंख्येच्या तराजूत तोलली जाते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शासनानं २०२३ मध्ये मागवले. आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. आषाढात व्हाळ ओलांडून सहा वर्षांचं पोर दुसऱ्या गावात कसं जाईल? कोकणापुरता हा निकष बदलावा, असं मागायला हवं.

आणि दहावीनंतर? बोटीचं इंजिन, शीतगृह, काजू प्रक्रियेची यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर इथे शोधून सापडत नाही, आणि इथला मुलगा मुंबईत पाळीवर काम शोधतो. आयटीआयमध्ये हे विषय हवेत. वागद्याच्या गोपुरी आश्रमात समाजसेवक अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईपासून चामड्याच्या कामापर्यंत हातांना प्रतिष्ठा दिली, ती याच तालुक्यात. इथे आपणही काही द्यायला हवं. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. आपल्या वर्कशॉपांत, हॉटेलांत मुलांना विद्यावेतन देऊन शिकवू या.

व्यापारी बंधू-भगिनींनो, तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीआधी तालुक्याच्या रुग्णालयात आणि शाळांत किती पदं रिकामी आहेत, याची यादी माहितीच्या अधिकारात मागवून घ्या. आणि तीच निवेदनाच्या पहिल्या पानावर लावा.