पडतोय तिकडेच चाक

आमच्या उल्हासनगरात, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यांतून शिलाई मशिनांची घरघर चालू असते आणि बाहेर ओट्यावर दोन-तीन पोरं एकाच मोबाइलवर वाकलेली असतात. त्यांच्या खेळांपैकी एकाची वकिली करायला मी आज आलोय. एकचाकी सायकल, वर एक माणूस, आणि चाक हलवायला डावी-उजवी दोन बटणं. ब्राउझर उघडला की खेळ सुरू, माणूस आडवा झाला की संपला.

पोरं हरतात कुठे? माणूस उजवीकडे कलला की घाबरून डावं बटण दाबतात. अरे, उलटं! तोल उजवीकडे चालला तर चाकही उजवीकडेच न्यायचं. वरच्या वजनाच्या खाली चाक पोचलं तरच माणूस सावरतो. पडतोय तिकडेच चाक.

पटत नसेल तर जळमटं काढायचा लांब झाडू घ्या. फडा वर ठेवून दांडा तळहातावर उभा करा. झाडू पुढे झुकला की तुमचा हात आपोआप पुढे धावतो, मागे नाही. आता नजर कुठे आहे बघा. तळहाताकडे पाहाल तर झाडू पडलाच. फड्याकडे पाहाल तर टिकेल. खेळातही चाकाकडे नाही, माणसाच्या डोक्याकडे बघायचं. झाडू ठेवून पेन्सिल उभी करून पाहा, जमणार नाही. चौपट लांब काठी पडायला दुप्पट वेळ घेते, आणि डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातोच. झाडू तेवढी सवड देतो, पेन्सिल देत नाही.

म्हणून सावरायचं ते लवकर. पाच अंश कललेल्या माणसाला खाली खेचणारा जोर दहा अंशांवर जवळजवळ दुप्पट होतो. सुरुवातीला एक टिचकी पुरते, उशीर झाला की बटण दाबून धरावं लागतं, मग चाक पुढे निसटतं आणि माणूस मागे पडतो. बटण दाबून धरू नका रे, टिचक्या मारा!

खऱ्या एकचाकीवरही हेच चालतं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे सर्कशीच्या तंबूत एकचाकीवरचा विदूषक पाहून आपण हसत आलो. तो सारखा पुढे-मागे डुलतो ते हसवण्यासाठीच नव्हे. चाक जागच्या जागी थांबलं तर तो पडेल. रॉकेट उभं वर जातं तेव्हाही इंजिनाचा झोत जरा-जरा वळवून हेच... पण तिकडे वळलो तर वेळ पुरणार नाही. चाक माणसाच्या किंचित पुढे नेऊन मग आवरायचं, हा पुढचा धडाही राहिलाच. तो पोरांना खेळता खेळता सापडेल.

तेव्हा मुलांनो, मुख्य गोष्ट पुन्हा सांगतो, कारण तुम्ही ती अर्ध्या मिनिटात विसरणार: पडतोय तिकडेच चाक. आणि पालकांनो, मोबाइल काढून घ्यायचा तर जरूर घ्या, पण त्याआधी एक डाव स्वतः खेळा. तुम्हीही पहिल्यांदा चुकीचंच बटण दाबाल.