आधी मानधन की मागाहून हप्ता?

आपल्या वर्गातल्या दोघी घरबसल्या ऑनलाइन लिहितात. मानधन आधी घ्यावं की वाचकसंख्येनुसार, असं त्यांनी विचारलं. मी प्रोग्रॅमर, त्यामुळे उत्तर जरा रुक्ष आहे.

अमेरिकेतलं ‘असोसिएटेड कंटेंट’ काही लेखांना थोडे डॉलर आधी देई, वर वाचनांच्या आकड्यावर पैसे. २०१० मध्ये ‘याहू’ने ते विकत घेतलं. २०११ मध्ये ‘गूगल’ने शोधाची पद्धत बदलली, ‘पांडा’ नावाने, वाचक आटले. २०१४ मध्ये सगळं बंद! लेख तेच, हप्ता मात्र थांबला.

मुलांची फी त्यावर भरायची असेल, तर आधी दर ठरवा. (आणि दर सांगताना लाजता कशाला?) हप्त्याची हौस स्वतःच्या पुस्तकावर भागवा. करारात हक्क कुणाकडे राहतात, ते मात्र बघा. हवं तर मला पाठवा, वाचून देते.