कर्ज देणारी संस्था कोणाची?
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



सहकारावर बोलायला बडोद्याइतकी योग्य जागा नाही. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने याच शहरात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला. म्हणजे ही मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षे आधीची. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचे नाव घेतात. सगळ्यांनी थोडे थोडे ठेवायचे, आणि अडीनडीला त्यातूनच वाजवी व्याजाने घ्यायचे, एवढीच कल्पना.

मात्र ती सोय मुख्यतः आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांची झाली. टोपली घेऊन दारोदार फिरणारी भाजीवाली बाहेरच राहिली. तिच्याकडे ना तारण, ना पगाराची पावती.

तिच्यासाठी वाट निघाली ती अहमदाबादेत. १९७४ साली इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या ४,००० कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. नोंदणीच्या वेळी हरकत निघाली, की या बायकांना सहीसुद्धा येत नाही. तेव्हा प्रवर्तक स्त्रिया रात्रभर बसून सही शिकल्या. पासबुकावर नावाबरोबर फोटो लावायची पद्धत तिथे रुळली. आधी बचत, मग कर्ज. आणि संचालक मंडळात त्यांच्याच प्रतिनिधी.

आता दुसरे चित्र पाहू. आंध्र प्रदेशात खासगी कंपन्यांनीही गरीब बायकांना बिनतारण कर्जे दिली. एकेका घरात तीन-तीन, चार-चार कर्जे गेली. वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. बिनतारण कर्ज इथेही होते आणि तिथेही. पण अहमदाबादेत कर्ज घेणारी बाई संस्थेची मालकीण होती. आंध्रात ती नुसती गिऱ्हाईक होती.

व्याजाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १०,००० रुपये वर्षासाठी, ‘फ्लॅट’ १२ टक्क्यांनी घेतले, तर व्याज १,२०० आणि महिन्याचा हप्ता सुमारे ९३३ रुपये. सहा महिन्यांत निम्मी मुद्दल फिटते, तरी व्याज पूर्ण १०,०००वरच चालू राहते. उरलेल्या शिलकीवर हिशेब केला, तर हाच दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. कर्ज देणाऱ्याने हे आधी समजावून सांगणे, ही सचोटीची पहिली खूण.

‘सहकारी’ अशी पाटी लावली की संस्था सचोटीची होते, असेही आम्ही म्हणत नाही. संचालकांनी सग्यासोयऱ्यांना कर्जे वाटून बुडवलेल्या बँका आपल्याला ठाऊक आहेत. खुद्द ‘अन्योन्य’लाही पुढे बँक म्हणून टिकता आले नाही. सभासद वार्षिक सभेला जाईनासे झाले, की संस्था मूठभरांच्या हाती जाते.

म्हणून मंडळातर्फे आमची दोन मागणी आहेत. दोन्हींना पैसा लागत नाही. आपली मुदत ठेव ज्या संस्थेत आहे, तिच्या वार्षिक सभेला या वर्षी जरूर जा. लहान कर्जे किती दिली, कोणाला दिली आणि व्याज कसे आकारले, हे उभे राहून विचारा. दुसरे असे, की आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी कर्ज घेतले असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांच्याबरोबर बसून खऱ्या व्याजाचा हिशेब मांडा. कागद पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

कवठेकरांनी मंडळीला नाव दिले ‘अन्योन्य’, म्हणजे एकमेकांचे. त्या ‘एकमेकां’त या मावशींचीही गणना झाली, तर बडोद्याचा तो वारसा आपण खऱ्या अर्थाने पुढे नेला असे होईल.

गणपती बाप्पा मोरया!