मोती, मोहरा आणि खुर्दा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्याची पहिली वार्ता उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली ती एका सावकारी पत्रातून, असे परंपरा सांगते. पत्र व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत होते. त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे मोती झाले होते, पडलेले सरदार मोहरा झाले होते, आणि बाकीचे सारे म्हणजे गणती न होण्याजोगा खुर्दा. मराठी माणसाने हा मजकूर शाळेत ऐकलेला असतो आणि त्यातील कारुण्याने तो हेलावलेलाही असतो. परंतु ज्याने आयुष्यभर हिशेबाच्या वह्या वाचल्या आहेत, त्याला त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. त्या पत्रात माणसांचे दर लावलेले आहेत. मोत्याला नाव आहे, मोहरेला संख्या आहे, खुर्द्याला दोन्ही नाही.

आजचा विषय आहे साहित्यातील पात्रांचे आणि इतिहासातील सेनानींचे अंतरंग. विषय वाङ्मयाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी वाटपाचाच प्रश्न आहे. लेखक जेव्हा एखाद्या माणसाच्या मनात उतरतो, तेव्हा तो त्याला शंका, भीती, आठवण आणि पश्चात्ताप बहाल करतो. हे धन कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही? आपल्याकडील ऐतिहासिक कादंबरीने ते बहुतांशी मोत्यांना दिले. स्वारीच्या आदल्या रात्री सेनापतीला झोप का येत नाही हे आपल्याला सविस्तर कळते; त्याच्या घोड्याला चंदी घालणाऱ्याला झोप लागली की नाही, हे मात्र कळत नाही. म्हणून ज्या एका लेखकाने हे वाटप बदलण्याचा थोर प्रयत्न केला, आणि जो काही अंशी अयशस्वीही झाला, त्याच्या ग्रंथाकडे वळू. तो लेखक टॉलस्टॉय, आणि तो ग्रंथ १८६९ साली पूर्ण झालेली ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी.

टॉलस्टॉयला युद्ध पुस्तकातून कळले नव्हते. तो कॉकेशसमध्ये सैन्यात दाखल झाला आणि १८५४-५५ च्या सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्याचा अधिकारी म्हणून उभा राहिला. तिथून त्याने लिहिलेल्या वृत्तचित्रांत सेनापती जवळजवळ नाहीतच. आहेत ते खलाशी, जखमी, इस्पितळातल्या खाटा, आणि भीती लपवण्यासाठी ऐट करणारे तरुण अधिकारी. पुढे नेपोलियनच्या युद्धांवर लिहिताना हीच दृष्टी त्याने मोठ्या पटावर आणली.

नेपोलियन आधी पाहू, कारण अंतरंगाच्या बाबतीत तो एक विलक्षण उदाहरण आहे. १७९५ साली, म्हणजे सव्विसाव्या वर्षी, सम्राटपद स्वप्नातही नसताना त्याने स्वतः एक छोटी प्रेमकथा लिहिली होती. तिचा नायक क्लिसों हा युद्धाला कंटाळलेला सैनिक. त्याला प्रेम लाभते, मग ते हातचे जाते, आणि तो शत्रूवर अखेरचा हल्ला चढवून मृत्यू पत्करतो. ही कथा नेपोलियनच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. यातून एवढे दिसते की ज्याने पुढे लाखो माणसे नकाशावरच्या रेघांप्रमाणे हलवली, त्याला एका सैनिकाच्या मनाची व्यथा कल्पिता येत होती. मात्र तो एकच सैनिक म्हणजे तो स्वतःच होता. १८१२ च्या जूनमध्ये नेमान नदी ओलांडणाऱ्या त्याच्या प्रचंड सेनेत असे लाखो क्लिसों होते. त्यांची कथा लिहावी असे त्याला वाटले नाही, आणि सम्राटपदाच्या व्यवहारात ते वाटून परवडण्यासारखेही नव्हते.

टॉलस्टॉयच्या कादंबरीत नेपोलियनचे माप फार लहान होते. ऑस्टर्लिट्झच्या रणांगणावर, डिसेंबर १८०५ मध्ये, तरुण आंद्रे बोल्कोन्स्की हाती ध्वज घेऊन पडतो. नेपोलियनसारखे नाव मिळवावे ही त्याची जन्माची आकांक्षा. पडल्यापडल्या त्याला वर अथांग आकाश दिसते, आणि थोड्या वेळाने त्याचा तोच आदर्श पुरुष त्याच्याजवळ येऊन त्याच्याविषयी प्रशंसेचे शब्द काढतो. आंद्रेला ते शब्द माशीच्या गुणगुणण्याइतके क्षुल्लक वाटतात. आंद्रे हा काल्पनिक, नेपोलियन ऐतिहासिक. आणि तरी त्या क्षणी काल्पनिक माणूस अधिक खरा ठरतो, कारण त्याला आतून पाहिलेले आहे.

कुतुझोवचे चित्रण याच्या उलट आहे. हा वृद्ध, एका डोळ्याने अधू सेनापती ऑस्टर्लिट्झच्या आदल्या रात्री युद्धमंडळाच्या बैठकीत झोपी जातो. मॉस्को सोडून द्यावे की लढावे याचा निर्णय सप्टेंबर १८१२ मध्ये फिली गावच्या एका शेतकऱ्याच्या झोपडीत झाला. टॉलस्टॉय हा प्रसंग कोणाच्या नजरेने दाखवतो? सेनापतींच्या नव्हे. त्या घरची सहा वर्षांची मालाशा चुलाण्यावर बसून खालची बैठक पाहते आहे. तिच्या लेखी कुतुझोव म्हणजे आजोबा, आणि त्यांच्याशी हुज्जत घालणारा तो दुसरा म्हणजे लांब कोटवाला. रशियाच्या इतिहासातील एक अत्यंत अवघड निर्णय आणि त्याचा साक्षीदार शेतकऱ्याचे मूल! मुलीला युद्धनीती कळत नाही, पण आजोबा बरोबर आहेत एवढे तिला कळते.

अर्थात, इथे सावधही राहिले पाहिजे. कादंबरीतला कुतुझोव जनतेच्या मनाचा मूक वाहक आहे. इतिहासातला कुतुझोव हा जमीनदार होता, दरबारी होता, आणि कसलेला मुत्सद्दीही होता. १८१२ च्या वसंतात तुर्कस्तानशी बुखारेस्टचा तह त्यानेच घडवून आणला. महापुरुष इतिहास घडवत नाहीत, ते घटनांना चिकटवलेली नावे असतात, असे टॉलस्टॉयने आग्रहाने मांडले. तथापि, तेच सिद्ध करता करता त्याने कुतुझोवच्या रूपाने आणखी एक महापुरुष घडवला. नेता निष्क्रिय असला तरी त्याच्याभोवती प्रभावळ उभी राहू शकते, हे चळवळीतल्या माणसाला निराळे सांगायला नको.

टॉलस्टॉयचे खरे मोठेपण कॅप्टन तुशिनमध्ये आहे. नोव्हेंबर १८०५ मधील श्योनग्राबेनची लढाई. तुशिन हा तोफखान्याचा ठेंगणा, पोक काढून चालणारा अधिकारी. तो प्रथम दिसतो तो बूट काढून अनवाणी बसलेला, आणि त्याबद्दल वरिष्ठांची बोलणी खाणारा. लढाईत त्याच्या तुकडीच्या रक्षणासाठी ठेवलेले पायदळ निघून जाते. कोणी हुकूम देत नाही, तेव्हा आपल्या हाताखालच्या सार्जंटचा सल्ला घेऊन तो समोरच्या गावावर मारा करतो आणि फ्रेंचांची चाल रोखून धरतो. त्या धुमाळीत त्याच्या मनात एक स्वतंत्र जग उभे राहते: शत्रूच्या तोफा म्हणजे कोणा अदृश्य माणसाने ओढलेल्या चिलमी, आणि आपली एक जुनी तोफ म्हणजे मात्वेव्हना नावाची बाई. हे अंतरंग कोणत्याही खलित्यात येणार नव्हते. संध्याकाळी सेनापतीपुढे त्याला उभे केले जाते ते जाब विचारण्यासाठी: तोफा मागे का सोडल्या? रक्षणाला पायदळ नव्हते, एवढे एक वाक्य त्याला वाचवू शकले असते. पण त्यामुळे दुसरा कोणी अधिकारी अडचणीत येईल म्हणून तो गप्प राहतो. आंद्रे मध्ये पडतो आणि दिवसाचे यश याच माणसाचे आहे असे स्पष्ट सांगतो. तरीही पुढे तुशिन आपल्याला भेटतो तो इस्पितळात, एक हात गमावलेला.

प्रत्येक संघटनेत तुशिन असतात. सभेचा मंडप उभारणारे, वर्गणीच्या पावत्या जपणारे, तुरुंगात जाऊन आल्याचे कोणाला न सांगणारे. त्यांना वेळेवर ओळखणारा एखादा आंद्रे असेल तर संघटनेचे नशीब. नसेल तर अहवालात फक्त सोडलेल्या तोफांची नोंद राहते.

आता या थोर लेखकाची मर्यादा पाहू, कारण ती आपल्याला अधिक शिकवते. प्लातोन काराताएव हा कादंबरीतला साधा शिपाई. दुसऱ्याच्या रानातले लाकूड तोडल्याबद्दल त्याला फटके मारून सैन्यात धाडले गेले. त्या काळी रशियात भूदास शिपायाची मुदत पंचवीस वर्षांची होती, आणि भरती झालेल्या मुलाला निरोप देताना घरचे लोक मेल्याप्रमाणे आक्रोश करीत. रान कोणाचे, लाकूड कोणाचे, आणि एका ओंडक्याची किंमत पंचवीस वर्षे कशी, हे प्रश्न इथे उभे राहायला हवे होते. परंतु काराताएव समाधानी आहे. आपण आलो नसतो तर मुलाबाळांच्या धाकट्या भावाला यावे लागले असते, एवढ्यावर तो तृप्त आहे. तो मायाळू आहे, अविस्मरणीय आहे, पण त्याला शंका नाही आणि राग तर नाहीच. फ्रेंचांच्या माघारीत त्याला गोळी घालतात, तेव्हाही तो पिएर बेझुखोव या उमरावाच्या आत्मिक उन्नतीचे साधनच राहतो. माणसाला संत करणे हाही त्याचे अंतरंग नाकारण्याचा एक मार्ग आहे.

त्याहून बोलका प्रसंग बोगुचारोवो गावचा. शत्रू जवळ येत असताना तेथील भूदास आपली मालकीण मारिया हिला गाड्या-घोडे देण्यास नकार देतात. ती धान्य वाटू करते, तेही ते घेत नाहीत. फ्रेंचांनी गवतापोटी आगाऊ दिलेली शंभर रुबलची नोटांतली रक्कम गावात आलेली असते. ती खोटी आहे हे आणणाऱ्याला ठाऊक नसते. केवढा हा प्रसंग! दोन सत्तांच्या मध्ये सापडलेला शेतकरी, मालकावर अविश्वास, आक्रमकाच्या कागदावर विश्वास. त्या मनात उतरायचे तर टॉलस्टॉयइतका समर्थ लेखक दुसरा कोण होता? पण इथे तो दाराबाहेरच थांबतो. त्यांचे वागणे त्याला अगम्य अंतःप्रवाहासारखे भासते, आणि निकोलाय रोस्तोव्ह नावाचा घोडेस्वार अधिकारी येऊन एकाला ठोसा लगावतो तेव्हा बंड विरते. यास्नाया पोल्यानाचा मालक असलेला लेखक तोफेच्या धुरातल्या तुशिनपर्यंत पोहोचला, पण स्वतःच्या जमिनीवर राबणाऱ्याच्या रागापर्यंत त्या पुस्तकात पोहोचू शकला नाही. भूदासपद्धती कायद्याने १८६१ मध्येच संपली होती. लेखणीच्या सवयी कायद्यापेक्षा सावकाश बदलतात.

मग खुर्द्याचे अंतरंग कोठे शोधायचे? एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळते. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार पाठवली गेली. साताऱ्याच्या अपशिंगे गावातूनही घरोघरचे तरुण त्या युद्धात गेले. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे ब्रिटिश सरकार उघडून तपासत असे, त्यांचे अनुवाद व उतारे काढत असे, आणि ते उतारे आज लंडनच्या दप्तरात आहेत. पुष्कळ शिपाई निरक्षर; पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, आणि घरीही ते दुसऱ्यानेच वाचून दाखवायचे. त्यात हे तपासनीस! तरीही त्या माणसांनी वाट काढली. काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून आहे, असा मसाल्याचा निरोप ते धाडत. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोऱ्यांच्या. यात खंत आहे, हिशेब आहे, आणि आपल्याला आधी पुढे ढकलले जाते ही राजकीय जाणीवही आहे.

पानिपतच्या सावकारी पत्रातही संकेत होता, आणि या पत्रांतही संकेतच आहे. फरक एवढाच की तिथे खुर्द्याविषयी कोणी दुसरा बोलत होता, आणि इथे खुर्दा स्वतः बोलतो आहे. विशेष हे की शिपायाला मन असते ही गोष्ट साहित्यिकांच्या आधी सत्तेने ओळखली होती. तिला त्या मनाची भीती होती, म्हणूनच तिने ते जपून ठेवले. ज्यांना त्या मनाविषयी प्रेम असल्याचे सांगितले जाते, त्यांच्या दप्तरात काय आहे, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या कपाटात शोधावे. मोर्चांच्या वृत्तांतात ‘सुमारे दहा हजार’ असे आपण सहज लिहितो. वक्त्यांची नावे क्रमवार देतो, आणि जमलेल्यांना संख्या देतो. ही त्या पत्रातलीच रीत आहे. ज्या पिढीने लाठ्या खाल्ल्या, गिरण्यांच्या दारात रात्री काढल्या, दुष्काळी कामांवर खडी फोडली, त्या पिढीतले बरेच जण गेले आणि उरलेले थकले आहेत. त्यांना काय मिळाले हे विचारणे सोपे आहे. त्यांना त्या वेळी काय वाटत होते, कशाची भीती वाटत होती, नेत्यांचा केव्हा राग आला होता, हे विचारणे कठीण. पण जे विचारायचे ते हेच. आणि उत्तर लिहून घेताना त्यांना संत करू नये. त्यांची शंका, त्यांचा संताप, त्यांनी कोणाच्या खोट्या नोटेवर ठेवलेला विश्वास, हे सारे तसेच्या तसे उतरवावे.

मोत्यांचे चरित्र लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि मोहरांची यादीही कोणी ना कोणी करीलच. खुर्दा मोजणे मात्र सावकाराला जमले नाही. ते काम तुमच्याकडे राहिले आहे.