हीट पंप बिघडला म्हणण्याआधी पाणी मोजा

थंडी सुरू झाली की आमच्या वसाहतीत एकच तक्रार ऐकू येते, 'गरम पाणी पुरत नाही.' पुण्याच्या उपनगरातली आमची रो-हाउसची वसाहत. प्रत्येक घराच्या गच्चीवर २०० लिटरची टाकी आणि शेजारी छोटा हीट पंप. तक्रार गेली की मेकॅनिक येतो, यंत्राकडे पाहतो आणि सांगतो, 'गॅस गेलाय' किंवा 'कॉम्प्रेसर बदलावा लागेल.' खर्चाचा आकडा ऐकला की घरातल्या आजींसाठी पुन्हा चुलीवर हंडा चढवायची भाषा सुरू होते. म्हणून आम्ही पाचजणींनी एक शिस्त लावून घेतली. आधी पाणी मोजायचं, मग मेकॅनिकला बोलवायचं. ते कसं मोजायचं, हे आज सांगणार आहोत.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज समजा. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या बाजूला टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाण्यात सोडतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता मिळते. पण ती उष्णता वाहून नेणारं पाणी मात्र पुरेसं लागतं. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक साठा, म्हणजे टाकीत किती लिटर मावतं. दुसरा प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर वाहतं. तक्रार कुठली आहे, हे आधी ओळखायचं.

साठ्याचा हिशेब पाहू. टाकीतलं पाणी ५५ अंशांवर आणि नळाचं २० अंशांवर असेल, तर अंघोळीला सोसेल असं ४० अंशांचं पाणी करायला २० लिटरच्या बादलीत सुमारे साडेअकरा लिटर गरम पाणी जातं. टाकीत वरून गरम पाणी निघतं तसं खालून गार पाणी शिरतं, म्हणून २०० लिटरपैकी साधारण १५० लिटरच खरं गरम मिळतं. म्हणजे तेरा बादल्या. घरी पाहुणे आले आणि आठ जणांनी लागोपाठ दोन-दोन बादल्या घेतल्या, तर शेवटच्याला कोमट पाणी येणारच. त्यात यंत्राचा दोष नाही. साडेतीन किलोवॅट उष्णता देणाऱ्या पंपाला ती टाकी पुन्हा तापवायला अडीच तासांच्या आसपास लागतात. निम्म्यांनी सकाळी, निम्म्यांनी संध्याकाळी अंघोळ केली की प्रश्न सुटतो.

आता नळाचा प्रवाह. २० लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. गरम नळ पूर्ण सोडा. बादली दोन मिनिटांत भरली तर प्रवाह मिनिटाला १० लिटर. मग तसाच गार नळ मोजा. दोन्ही मंद असतील तर वरच्या टाकीची उंची किंवा मुख्य पाईप बघावा लागेल. फक्त गरम नळ मंद असेल, तर अडथळा गरम पाण्याच्या वाटेवर आहे. अर्धवट बंद राहिलेला कॉक, क्षार धरलेला पाईप किंवा नळाच्या तोंडाची जाळी, हे आधी तपासा.

तिसरं माप यंत्रातल्या प्रवाहाचं. ज्या हीट पंपात छोटी मोटर टाकीतलं पाणी यंत्रातून फिरवते, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांच्यात टाकी आणि यंत्र एकाच डब्यात असतं, त्यांच्यापैकी बऱ्याच यंत्रांत पाणी असं फिरत नाही, त्यांना हे लागू नाही. इथे बादली लावता येत नाही, पण तापमान सगळं सांगतं. यंत्र पाव तास चालू द्या. मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान पडद्यावर वाचा. पडद्यावर दिसत नसेल तर पाईपवरचं आवरण सरकवून स्वयंपाकघरातला थर्मामीटर टेकवा आणि वरून कापड बांधा. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ४२ अंशांच्या आसपास थांबतो.

हिशेब सोपा आहे. यंत्र जेवढे किलोवॅट उष्णता देतं त्याला १४ ने गुणा आणि दोन तापमानांतल्या फरकाने भागा. उत्तर येतं मिनिटाला किती लिटर. साडेतीन किलोवॅटच्या यंत्रात फरक ५ अंश असेल तर प्रवाह सुमारे १० लिटर. आलेला आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा.

आमच्यातल्या एकीच्या घरी कॉम्प्रेसर बदलायचा सल्ला मिळाला होता. आम्ही गच्चीवर जाऊन फरक वाचला, तो १२ अंश होता. म्हणजे प्रवाह जेमतेम चार लिटर. पाणी कमी फिरलं की उष्णता यंत्रातच साचते, गॅसचा दाब वाढतो आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं. यंत्राच्या आधी पाईपवर इंग्रजी वाय अक्षरासारखी गाळणी असते, ती टँकरच्या गाळाने भरली होती. धुतल्यावर फरक ५ अंशांवर आला. कॉम्प्रेसर तोच आहे, आजही चालतो आहे.

गाळणी धुताना आधी एमसीबी बंद करा. पाणी निवू द्या. गाळणीच्या दोन्ही बाजूंचे कॉक बंद करून मगच टोपण उघडा. जाळी जुन्या टूथब्रशने घासा. परत बसवल्यावर दोन्ही कॉक पूर्ण उघडा आणि पाईपमध्ये अडकलेली हवा सोडा, कारण हवा धरली तरी पाणी फिरत नाही. गॅसच्या तांब्याच्या नळ्यांना आणि वायरींना मात्र हात लावायचा नाही. टाकीवरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारायचं नाही. दाब वाढला तर टाकी फुटू शकते.

आणि फरक उलट, एक-दोन अंशांचाच आला तर? तर पाणी भरपूर फिरतंय, पण उष्णताच तयार होत नाही. मग दोष गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा असू शकतो, आणि तेव्हा मेकॅनिकच हवा. पण त्याला आपण आकडा सांगू शकतो.

आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तारीख, बादली भरायला लागलेला वेळ आणि अंशांचा फरक, एवढं लिहितो. परवा मेकॅनिक आला, तेव्हा आम्ही ती वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली आणि मगच हत्यारांची पिशवी उघडली. तुम्हीही या रविवारी बादली आणि घड्याळ घेऊन सुरुवात करा.